लॅटिनचं 'फेरो' क्रियापद कसं शिकायचं: मराठी माणसासाठी मूळ, अर्थ आणि रूपं

लॅटिन शिकायला घेतलं की पहिले दोन महिने छान जातात, अमो अमास् अमत् (मी, तू, तो प्रेम करतो) अशी चाल लागते आणि वाटतं की जमतंय आपल्याला, आणि मग पुस्तकात एक ओळ येते: फेरो, फेर्रे, तुली, लातुम्. अर्थ दिलेला असतो 'वाहून नेणे'. आता हे एकच क्रियापद आहे असं पुस्तक म्हणतंय, पण फेरो आणि तुली यांच्यात एक अक्षर सारखं नाही, लातुम् तर तिसरीकडूनच आल्यासारखं. मी ज्या ऑनलाइन क्लासला होतो तिथे सांगितलं की हे अनियमित आहे, पाठ करा आणि पुढे चला. मी पाठ केलं, महिन्याभरात विसरलो, परत पाठ केलं, परत विसरलो. मग एकदा सगळी रूपं वहीत देवनागरीत लिहून काढली आणि शेजारी शाळेतलं संस्कृत आठवून लिहिलं, त्या दिवसानंतर फेरो परत कधी विसरलो नाही. म्हणून हे लिहितोय, कारण मला मनापासून वाटतं की आपण मराठी लोक हे क्रियापद इंग्रजीच्या वाटेने शिकून उगाच त्रास करून घेतो, त्याचे दोन तुकडे आपल्या घरात आधीपासून आहेत.

आधी लिहिण्याबद्दल. वहीत लॅटिन लिपीत लिहाच, पण शेजारी देवनागरीतही लिहा. देवनागरीत अ, इ, उ यांचं ऱ्हस्व-दीर्घ दिसतं (फेरत् आणि फेरास् यातला फरक लगेच कळतो), आणि लॅटिनमधे त्या मात्रांना किंमत आहे. शब्दाच्या शेवटी पाय मोडायला विसरू नका, फेर्त् म्हणजे फेर्त्, शेवटी अ नाही. एवढं पाळलं तर उच्चार बराचसा सुटतो.

आता चार रूपं कशासाठी देतात ते. लॅटिन कोशात प्रत्येक क्रियापद चार रूपांनी ओळखतात: पहिलं 'मी नेतो' (फेरो), दुसरं 'नेणे' (फेर्रे), तिसरं 'मी नेलं' (तुली), चौथं 'नेलेलं' (लातुम्). ही चार हातात आली की बाकीची सगळी रूपं यातूनच निघतात. नेहमीच्या क्रियापदात चारही एकाच धातूची असतात, फेरोमधे ती दोन धातूंची आहेत, आणि तीन वाटतात कारण दुसऱ्या धातूचा चेहरा झिजलाय.

एका क्रियापदात दोन धातू हे ऐकून दचकू नका, आपण रोज हेच करतो. 'मी जातो' आणि 'मी गेलो'. जा आणि गे मधे काय सारखं आहे? काहीच नाही, कारण जातो हे संस्कृतच्या 'या' धातूकडून आलंय आणि गेलो हे 'गम्', 'गत' कडून. तरी कुठलं मराठी मूल 'मी जालो' म्हणून अडत नाही. रोमन मुलांना फेरो-तुली असंच होतं. तेव्हा पहिली गोष्ट ही करा की 'फेरो–तुली' हे 'जातो–गेलो' च्या चालीवर दहादा मोठ्याने म्हणा.

मूळ कुठलं? फेरो म्हणजे संस्कृतचा भृ धातू, भरति मधला. नियम असा की जिथे संस्कृतात शब्दाच्या सुरुवातीला भ येतो तिथे लॅटिनमधे फ येतो. भ्रातृ – फ्रातेर् (भाऊ), (अ)भूत् – फुइत् (होता, झाला), आणि तसंच भर – फेर. हे योगायोगाने जुळलेले आवाज नाहीत, दोन्ही भाषा एकाच जुन्या भाषेतून फुटल्यात आणि हा फरक ठरलेल्या पद्धतीने झालाय. ग्रीकमधे हाच फेरो, तोही त्याच अर्थाने. आणि मराठीत बघा, भार, भारा, भरणे, भरण-पोषण, भर्ता (भार उचलणारा म्हणून नवरा), आभार, संभार, सरकारी कचेरीतला 'अतिरिक्त प्रभार', सगळी याच धातूची पिल्लं. गवताचा भारा डोक्यावर घेऊन चाललेली बाई डोळ्यासमोर आणा, तेच फेरो.

तुली आणि लातुम् चा धातू वेगळा, त्याचा अर्थ उचलणे, पेलणे. संस्कृतात त्याच मुळाची तुला म्हणजे तराजू, आणि मराठीत तोलणे, तोल, तुलना, तूळ रास. तुली म्हणताना 'तोलणे' आठवा. जुन्या लॅटिनमधे, प्लाउतुसच्या नाटकांत, तुली च्या जागी तेतुली असंही रूप येतं, म्हणजे पहिलं अक्षर दोनदा, संस्कृतात चकार, ददर्श, जगाम मधे होतं तसं. आणि लातुम् आधी 'त्लातुम्' सारखं होतं, लॅटिनमधे सुरुवातीचा त्ल टिकला नाही, त गळाला आणि ल राहिला. म्हणून तुली आणि लातुम् खरे भाऊ आहेत, एकाचा त दिसतो, दुसऱ्याचा पडलाय. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं, कारण तीन गोष्टी पाठ करायच्या होत्या त्या दोन झाल्या, आणि त्या दोन्ही ओळखीच्या, भार आणि तोल.

एक बाजूची गोष्ट सांगतो. आपण फेरोचं भाषांतर 'वाहणे' करतो, तर हे वाहणे (संस्कृत वहति) स्वतःच लॅटिनच्या दुसऱ्या एका क्रियापदाचं भावंड आहे, वेहो, वेहेरे. व्हेईकल आणि गणितातला व्हेक्टर त्यातून आले. दोन्हीची गल्लत करू नका, वेहो म्हणजे जास्त करून गाडीतून, घोड्यावरून, जहाजातून नेणं, फेरो त्याच्यापेक्षा कितीतरी पसरट.

आपल्या भाषा आणि लॅटिन यांच्या सारखेपणाची ही गोष्ट पहिल्यांदा नोंदवणाऱ्यांत गोव्यात राहिलेली दोन माणसं आहेत. मराठीत ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मधे गोव्यात आले आणि १५८३ मधे भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी लिहिलं की इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. त्याच दशकात फिलिप्पो सास्सेत्ती नावाच्या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने संस्कृत आणि इटालियन शब्द शेजारी ठेवून पाहिले, तो १५८८ मधे गोव्यातच वारला. संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मुळाच्या आहेत म्हणणारं विल्यम जोन्सचं कलकत्त्यातलं १७८६ चं भाषण सगळे सांगतात, पण त्याच्या दोनशे वर्षं आधी हे आपल्या किनाऱ्यावर बसून कोणीतरी लिहिलं होतं. आणि मग १८१६ मधे फ्रान्झ बॉप या जर्मन अभ्यासकाने नुसते शब्द नाही तर क्रियापदांची रूपं संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मन कुळातल्या भाषांत एकमेकांशेजारी लावून दाखवली. आपण आता वहीत तेच करणार आहोत.

वर्तमानकाळ. पानाचे दोन रकाने करा, डावीकडे लॅटिन, उजवीकडे संस्कृत:

फेरो – भरामि (मी नेतो)
फेर्स् – भरसि (तू नेतोस)
फेर्त् – भरति (तो नेतो)
फेरिमुस् – भरामः (आम्ही नेतो)
फेर्तिस् – भरथ (तुम्ही नेता)
फेरुन्त् – भरन्ति (ते नेतात)

शेवट बघा, स् ला सि, त् ला ति, मुस् ला मः, न्त् ला न्ति. ज्याने शाळेत आठवीत संस्कृत घेतलं होतं त्याला यात नवीन काय आहे? द्विवचन लॅटिनमधे नाही, तेवढी तीन रूपं वाचली. लक्षात ठेवायची खरी गोष्ट एकच, फेर्स्, फेर्त्, फेर्तिस् या तिघांत मधला इ नाही. रेगो (राज्य करणे) सारख्या साध्या क्रियापदात रेगिस्, रेगित्, रेगितिस् येतं, इथे फेरिस्, फेरित् होत नाही. फेरिमुस् मधे मात्र इ आहे. नवीन शिकणारे इथेच चुकतात, म्हणून त्या तीन रूपांखाली लाल पेनाने रेघ मारा.

फेर्रे मधे दोन र का? लॅटिनमधे 'णे' साठीचा जुना प्रत्यय 'से' होता (एस्से म्हणजे 'असणे', तिथे तो अजून दिसतो), दोन स्वरांच्या मधे त्याचा 'रे' झाला आणि र च्या पुढे आला तेव्हा र मधे मिसळून 'र्रे' झाला. आपल्याला हे संधीसारखं वाटलं पाहिजे.

वर्तमानकाळ पक्का झाला की पुढचे दोन काळ फुकट मिळतात, त्यात अनियमित काही नाही. चालू भूतकाळ (नेत होतो): फेरेबम्, फेरेबास्, फेरेबत्, फेरेबामुस्, फेरेबातिस्, फेरेबन्त्. भविष्यकाळ (नेईन): फेरम्, फेरेस्, फेरेत्, फेरेमुस्, फेरेतिस्, फेरेन्त्. भविष्यात ए ऐकू येतो, आणि त्याच ए च्या जागी आ/अ आला की ते 'न्यावं, नेवो' या अर्थाचं रूप होतं: फेरम्, फेरास्, फेरत्, फेरामुस्, फेरातिस्, फेरन्त्. पहिलं फेरम् दोन्हीकडे सारखंच आहे, 'मी नेईन' की 'मी न्यावं' हे वाक्यावरूनच कळतं, त्याला इलाज नाही. आणि 'नेत असतो तर, न्यावं म्हणून' अशा वाक्यांत लागणारं रूप अगदी सोपं, फेर्रे घ्या आणि शेवट जोडा: फेर्रेम्, फेर्रेस्, फेर्रेत्, फेर्रेमुस्, फेर्रेतिस्, फेर्रेन्त्.

आज्ञार्थ: फेर्! (ने, आण), फेर्ते! (न्या, आणा). एकवचनात शेवटी ए नाही, लॅटिनमधे अशी चार नेहमीची क्रियापदं आहेत, दीक् (सांग), दूक् (घेऊन चल), फक् (कर), फेर् (ने), चौघं एका दमात म्हणा, दीक् दूक् फक् फेर्, एकदा म्हटलं की बसतं.

आता 'तुली' वर या. इथे सगळं एकदम सरळ आहे: तुली, तुलिस्ती, तुलित्, तुलिमुस्, तुलिस्तिस्, तुलेरुन्त् (मी नेलं, तू नेलंस...). 'नेलं होतं' साठी तुलेरम्, तुलेरास्, तुलेरत्... 'नेलेलं असेन' साठी तुलेरो, तुलेरिस्, तुलेरित्... 'नेलं असणे' तुलिस्से. हे शेवट प्रत्येक लॅटिन क्रियापदाला हेच लागतात, त्यामुळे फेरोसाठी वेगळं काही शिकायचं नाही, फक्त 'तुल्' पकडून ठेवायचं. संकेतार्थाचे ('नेलं असावं', 'नेलं असतं तर') तुलेरिम् आणि तुलिस्सेम् पण याच साच्यात.

लातुम् ची गंमत मराठी माणसाला सगळ्यात जास्त कळते. हे नेलेला-नेलेली-नेलेलं आहे, लातुस्-लाता-लातुम्, आणि कर्मणि भूतकाळ यातूनच बनतो, लिंग बदललं की रूप बदलतं. एपिस्तुला लाता एस्त्, चिठ्ठी नेली गेली. दोनुम् लातुम् एस्त्, दान नेलं गेलं (दोनुम् आणि दान पण भाऊच). इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे लिंगाप्रमाणे बदलणं वेगळं समजून घ्यावं लागतं, आपण 'नेला, नेली, नेलं' जन्मापासून करतोय. म्हणून हा भाग मराठीत विचार करूनच शिका, मधे इंग्रजी आणलंत की हा फायदा गेला.

वर्तमानकाळाचं कर्मणि: फेरोर्, फेर्रिस्, फेर्तुर्, फेरिमुर्, फेरिमिनी, फेरुन्तुर्. यात फेर्तुर् नीट लक्षात ठेवा, ते पुढे अर्थांच्या भागात परत येणार आहे. आणि नेणारा म्हणजे फेरेन्स्, त्याची द्वितीया फेरेन्तेम्, शेजारी संस्कृतचं भरन्तम् लिहा आणि दोन्ही मोठ्याने वाचा. मी ही जोडी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीये. रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात ट्रॉयच्या लाकडी घोड्याकडे बघून लाओकोऑन हा तिथला पुजारी म्हणतो, तिमेओ दनाओस् एत् दोना फेरेन्तेस्, मला ग्रीकांची भीती वाटते, ते दानं घेऊन आले तरीसुद्धा. त्या ओळीतलं फेरेन्तेस् हेच.

अर्थांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण कोशात 'वाहून नेणे' वाचून थांबलं तर निम्मी वाक्यं कळत नाहीत. फेरोला दिशा नसते, नेणे पण आणि आणणे पण, कुठलं ते संदर्भाने. आउक्सिलिउम् फेर्रे म्हणजे मदत आणणे, मदतीला जाणे. झाड फेर्त्, जमीन फेर्त्, म्हणजे फळ धरते, पीक देते, फर्टाइल आणि फर्टिलायझर या 'पीक देण्या' वरूनच आले. रस्ता फेर्त्, म्हणजे 'हा रस्ता तिकडे जातो'. लेगेम् फेर्रे म्हणजे कायदा मांडणे, आपण नाही का म्हणत की सरकारने बिल आणलं, अगदी तसं. कायदा आणणारा तो लेगिस् लातोर्, त्याचा झाला लेजिस्लेटर, म्हणजे विधानसभेला लेजिस्लेटिव्ह असेंब्ली म्हणतो तेव्हा मधला 'लेट' हा आपला लातुम् आहे.

मग सोसणे. ओझं उचलणे वरून दुःख पेलणे, मराठीतही 'पेलणे' आणि 'सोसणे' असे शेजारी शेजारी राहतात. आएग्रे फेर्रे, मोलेस्ते फेर्रे म्हणजे एखादी गोष्ट मनाला लावून घेणे, जड जाणे. पेर् लावलं की शेवटपर्यंत सोसणे, रोमन कवी कातुल्लुस स्वतःच्याच मोडलेल्या मनाला सांगतो, पेर्फेर्, ओब्दूरा, सोस, घट्ट हो, आणि ओव्हिडने पण जवळजवळ तेच शब्द वापरले. दीक् दूक् फक् फेर् मधला फेर् इथे कवितेत भेटतो, म्हणून तो पाठ करताना नुसतं व्याकरण म्हणून करू नका.

आणि फेरुन्त्, नुसतं, कर्ता नसताना, म्हणजे 'म्हणतात'. मराठीत 'म्हणतात की तिथे भूत आहे' यात कोण म्हणतात हे सांगत नाही, लॅटिनमधेही नाही. फेर्तुर् म्हणजे 'असं सांगितलं जातं'. बातमी लोक इकडून तिकडे वाहून नेतात, म्हणून. इतिहासकारांची पुस्तकं वाचायला घेतलीत तर हे जागोजागी येतं आणि तिथे 'नेलं जातं' असं भाषांतर केलं की सगळं वाक्य बिघडतं.

आता उपसर्ग. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार, एकाच हृ धातूला उपसर्ग लागून अर्थ कुठल्या कुठे जातो हे संस्कृतच्या तासाला सगळ्यांनी ऐकलंय. फेरोचं तेच, फक्त संधी होतो आणि तिन्ही चेहरे बदलतात, म्हणून प्रत्येक जोडशब्द तीन रूपांत लिहायचा:

अफ्फेरो, अत्तुली, अल्लातुम् – आणणे (अद् + फेरो)
आउफेरो, अब्स्तुली, अब्लातुम् – काढून नेणे, हिरावणे
कोन्फेरो, कोन्तुली, कोल्लातुम् – एकत्र आणणे, तुलना करणे
दिफ्फेरो, दिस्तुली, दीलातुम् – वेगळं असणे, पुढे ढकलणे
ओफ्फेरो, ओब्तुली, ओब्लातुम् – समोर धरणे, देऊ करणे
रेफेरो, रेत्तुली, रेलातुम् – परत आणणे, सांगणे
त्रान्स्फेरो, त्रान्स्तुली, त्रान्स्लातुम् – पलीकडे नेणे

रेत्तुली मधले दोन त म्हणजे मगाशी सांगितलेल्या तेतुली चा उरलेला तुकडा, रे-तेतुली होतं, मधला ए गेला. ही यादी घोकायच्या आधी आपल्या बोलण्यातले शब्द शेजारी लावा. ऑफर, डिफरन्स, कॉन्फरन्स, रेफरन्स, रेफरी, प्रेफरन्स, सर्कमफरन्स (परीघ, 'भोवती नेणे'), आणि लातुम् कडून रिलेशन, सुपरलेटिव्ह. शेवटच्या ओळीवर थोडा वेळ थांबा, ट्रान्सफर आणि ट्रान्सलेशन हे एकाच क्रियापदाचे दोन तुकडे आहेत, एक वर्तमानातून, एक लातुम् मधून. बदली होणं आणि भाषांतर होणं, दोन्हीत कोणीतरी काहीतरी पलीकडे नेऊन ठेवतंय.

अब्लातुम् वरून लॅटिनची अब्लातिव्ह विभक्ती, म्हणजे 'काढून नेण्याची' विभक्ती, आणि आपल्या पंचमीचा कारकार्थ काय शिकवतात? अपादान. त्या शब्दाचाही अर्थ काढून घेणं असाच आहे. रोमचे आणि संस्कृतचे वैयाकरण एकमेकांना न विचारता एकाच जागी आले, मला ही जोडी फार आवडते. तसंच भूगोलातलं अ‍ॅक्विफर, अक्वा म्हणजे पाणी आणि फेर् म्हणजे धरणारं, आपल्याकडे भूजलवाले त्याला जलधर म्हणतात, दख्खनच्या काळ्या बसाल्टच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत पाणी साठतं तो. ल्युसिफर म्हणजे मुळात प्रकाश आणणारा, पहाटेची शुक्राची चांदणी.

कुठे फसाल ते सांगून ठेवतो. फेर दिसलं की ते फेरोच असं नाही. फेरस सल्फेटमधला फेर हा फेर्रुम् म्हणजे लोखंड, त्याचा संबंध नाही. होडीची फेरी जर्मन कुळातल्या भाषांकडची, आणि आपला फेरा, फेरी तर अजून वेगळा. लातुस् चे तर तीन आहेत: नेलेला, रुंद (त्यातून लॅटिट्यूड), आणि बाजू (यात पहिला स्वर ऱ्हस्व, लतुस्, पण लॅटिन लिपीत सारखंच दिसतं; त्यातून लॅटरल). वाक्यात लातुस् आला की आधी बघा जवळ एस्त्, सुम् असं काही आहे का, असेल तर आपला असण्याची शक्यता जास्त. आणि तोल्लो (उचलणे) या क्रियापदाने भूतकाळ फेरोच्या घरातून उसना घेतलाय, सुस्तुली, सुब्लातुम्, त्यामुळे सुस्तुलित् दिसलं तर बहुतेक वेळा 'सोसलं' नाही, 'उचललं' किंवा 'काढून टाकलं' असं वाचा.

सराव मी असा केला. पहिले तीन दिवस फक्त वर्तमानकाळ, भरामि-भरसि बरोबर, रोज वीस मिनिटं, बोलून. चौथ्या दिवसापासून फेरेबम् आणि फेरम्, मग तुली ला दोन दिवस, मग लातुस् च्या मराठी वाक्यांचं लॅटिन करणं, चिठ्ठी नेली गेली, दान नेलं गेलं, पाणी आणलं गेलं, अशी साधीच. मग रोज एक उपसर्ग. दुसरा घ्यायच्या आधी कालच्याची तिन्ही रूपं न बघता लिहायची, आलं नाही तर पुढे जायचं नाही. घाई केली तर अत्तुली आणि अब्स्तुली मिसळतात आणि मग सोडवायला फार वेळ जातो.

कोन्फेरो शेवटी घ्या, कारण त्याचा आज्ञार्थ, कोन्फेर्, तुम्ही आधीपासून बघत आलाय. जाड इंग्रजी पुस्तकांच्या तळटीपेत बारीक अक्षरात 'सी एफ' लिहिलेलं असतं ते हेच, कोन्फेर्, म्हणजे 'शेजारी आणून ठेव, ताडून बघ'. पुढच्या वेळी कुठे दिसलं की तिथल्या तिथे कोन्फेरो, कोन्तुली, कोल्लातुम् म्हणून टाका.